लोणच्याचं कन्सोलिडेशन

कन्सोलिडेशन हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला, तो थेट लोणच्यावर.

कारंजाला आमच्या कचेरीत प्रशिक्षण होतं. साहेब म्हणाले, शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, घट्ट करणे. शेताचे विखुरलेले तुकडे जोडले की कन्सोलिडेशन, चार कर्जांचं एक केलं की कन्सोलिडेशन, आणि न्यूमोनियात फुप्फुस घट्ट झालं तरी डॉक्टर तेच म्हणतात (तिथे मात्र पेढे वाटायचे नसतात!). मी भारावलो. काहीतरी जोडल्याशिवाय चैन पडेना.

घरात जोडण्यासारखं एकच होतं: आई आणि काकू. चुली वेगळ्या झाल्यापासून दोघींचा अबोला. त्यात काकूची मंजू पुण्यात, पोटुशी, आणि तिला घरच्या लोणच्याचे डोहाळे! आईनं लसणाचं जाळ लोणचं भरलं, काकूनं गुळाचं. मंजूला कोणाचं आवडतं, यावर दोघींची इज्जत पणाला लागलेली. पोचवायचं काम माझ्याकडे.

हायवेवर ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "भाऊ, एकच डब्बा घेतो. जागा नाई."

कोणाचं ठेवू? (मार दोन्हीकडे नक्की.) तेवढ्यात साहेब आठवले. ढाब्यावरून मोठा डबा मागितला, दोन्ही बरण्या त्यात उलट्या केल्या आणि झाऱ्यानं ढवळलं!

घरी रिकाम्या बरण्या पाहून आई म्हणाली, "काऊन रे, दोन्ही बरण्या खाली काऊन?"

"कन्सोलिडेशन केलं!" मी ऐटीत सगळं सांगितलं.

"माह्या गुळात तिचा लसूण?" काकू अंगणातूनच ओरडली.

"अन् माह्या तिखटात तिचा गूळ? पोरगी दोन जिवाची हाय, तिले काही झालं तं?"

मंजूचा फोन येईपर्यंत मी ढाब्यावरच जेवत होतो.

फोन आला तेव्हा आम्ही तिघंही अंगणात होतो. काकूनं स्पीकर लावला.

"आई, हे लोणचं कोणी केलं वं? मी नुसतंच खाऊन राह्यली! अजून पाठव ना!"

काकूनं आईकडे पाहिलं. आईनं काकूकडे.

"आमी दोघीनं केलं," काकू हळूच म्हणाली.

"हो वं बाई, दोघीनं," म्हणत आईनं पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं.

आता दर उन्हाळ्यात दोघी एकाच अंगणात लोणचं घालतात. फक्त ती चव काही जमत नाही, कारण ढवळताना मी प्रमाण पाहिलंच नव्हतं!

"एवढंसं काम धड करता येत नाई याले," आई म्हणते.

"लहानपणापासूनच बावळट हाय तो," काकू लगेच जोडते.

पूर्वी मला दोन घरी वेगवेगळी बोलणी बसायची. आता त्यांचंही कन्सोलिडेशन झालंय!