तिफेनचा हंस

पडदा वर जातो तेव्हा मठाच्या ओवरीत छत्तीस शिरस्त्राणं ओळीने मांडलेली. लोखंड सगळ्यांचं सारखंच, पण त्यावरचे तुरे बघावेत! कुठे जबडा वासलेलं अस्वल, कुठे अर्धी मत्स्यकन्या, कुठे नुसताच एक लाकडी बूट. घोड्यावरच्या झुंजीच्या सामन्यात तोंड लोखंडाआड, म्हणून धुळीत सरदार ओळखायचा तो या तुऱ्यावरून. आणि त्यातले अकरा तुरे आमच्या सोमूर गावच्या तिफेनच्या हातचे.

तिफेन खोगीरवाल्याची विधवा. साठी उलटलेली, अंगाने भरलेली, जिभेने तिखट. उकळलेलं चामडं, तागाचं कापड, पिसं आणि सरस, एवढ्यातून ती असं जनावर उभं करायची की घोडे बुजायचे. सरसाच्या वासाने शेजारणी नाक धरत. ती म्हणायची, "धरा, धरा! हाच वास उद्या सरदारांच्या डोक्यावर मिरवणार आहे!"

यंदा मात्र तिच्यावर किटाळ आलं होतं. सरदार गिशारने तिच्याकडून हंस करून घेतला होता. हंस झाला राजबिंडा, पण खानावळीत कुणीतरी म्हणालं, "बदक छान आहे हो!" पठ्ठ्याला ते झोंबलं. त्याने भरल्या बैठकीत ठोकून दिलं, "म्हातारीने हंसाची पिसं विकून खाल्ली आणि मला बदकाची चिकटवली. चोर आहे ती!"

आठवड्यात दोन सरदार आपली शिरस्त्राणं तिच्याकडून परत घेऊन गेले. चोर हा शिक्का एकदा बसला की पुढच्या हंगामात तिच्या दारात कोण उभं राहणार?

झुंजीच्या आदल्या सकाळी रिवाज असा, की घराण्यातल्या बायका शिरस्त्राणांपुढून फेरी मारतात. ज्याने बाईची बदनामी केली असेल, त्याच्या तुऱ्याला हात लावायचा. हात लागला की तक्रार झाली. ती खरी ठरली तर त्या वीराला चिलखतासकट मैदानाच्या कुंपणावर बसवायचं आणि सर्वांदेखत माफी मागेपर्यंत उतरू द्यायचं नाही. बाईचा मान राखत नाही तो वीर कसला?

त्या फेरीत तिफेनला अर्थातच जागा नव्हती. ती सरसाचं भांडं घेऊन खांबाआड उभी होती. एखादा तुरा सैल झालाच, तर नीट करायला.

रात्रभर नदीवरचं धुकं ओवरीत शिरलं होतं. सरस सर्दावला आणि गिशारच्या हंसाची मान हळूच कलली.

'पडू दे मेल्याची!' तिफेनच्या मनात आलं. पण ती मान तिने चार दिवस खपून घडवली होती. पाय आपोआप धावले. तिने दोन्ही हातांनी हंस सावरला.

फेरीतल्या बायका जागीच थांबल्या. चोपदार ओबेरने काठी आपटली. "हात लागला! सरदार गिशार, पुढे या!"

"अरे ओबेर, हंसाची मान चिकटवतेय मी!"

"मग हात काढ, मावशी."

"काढला तर मान पडेल."

"आणि ठेवलास तर तक्रार झाली. काय ते ठरव बाई, माझा हात काठीवर अवघडलाय!"

तिफेनने हंसाकडे पाहिलं, मग गिशारकडे.

"हात आहेच इथे, तर सांगूनच टाकते. यांनी मला चोर म्हटलं."

गिशार हसला. "ही सरसवाली? हा मान घरंदाज बायकांचा आहे!"

तेवढ्यात काठी टेकत आविस बाईसाहेब आल्या. पंच्याहत्तरीच्या, तिथल्या सगळ्यांत थोर घराण्यातल्या. त्यांनी तिफेनच्या सरसाने माखलेल्या हातावर आपला हात ठेवला.

"आता माझाही हात लागला. आणि चांगला चिकटलाय. बोल पोरा, पिसं कुणाची?"

गिशारच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खाली मान घालून तो म्हणाला, "हंसाचीच. माझ्याच तळ्यातली. चिकटवताना मी समोर बसलो होतो."

ओवरीभर हशा उसळला.

"बसवा कुंपणावर," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि हंसासकट बसवा. लोकांना हिचं कामही बघू दे."

दुपारी सारं सोमूर मैदानावर लोटलं. खानावळीतली ती बैठकही आली होती. शिरस्त्राणं परत नेणारे दोघे सरदार ती बगलेत मारून तिफेनच्या मागे मुकाट उभे होते. कुंपणावरून गिशार खणखणीत आवाजात म्हणाला, "तिफेनबाई, मी खोटं बोललो. तुमच्याइतका सच्चा हात या गावात नाही. मला माफ करा." आणि तो नमस्कारासाठी खाली वाकू लागला.

तिफेन ओरडली, "अहो, वाकू नका! सरस अजून ओला आहे!"