मुलानं पाठवलंय

आमच्या घरात मला सगळे अक्का म्हणतात. धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा त्यानं मला अक्का म्हटलं, मग अप्पांनी ते उचललं, आईनं उचललं, शेजाऱ्यांनी आणि दूधवाल्यानंही उचललं. माझ्या सख्ख्या आईची मी अक्का आहे, आणि यात आजवर कुणाला काही चमत्कारिक वाटलेलं नाही. भाऊ मात्र पन्नाशीला टेकला तरी आईचा बाळच आहे. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं घोटाळा होतो.

बाळ परदेशात असतो. मी धारवाडात, हुबळी रस्त्याला रायापूरच्या अलीकडं आमचं घर आहे तिथं, आईजवळ. मी लग्न केलं नाही. म्हणजे जमलं नाही, आणि नंतर कुणी जमवायच्या भानगडीत पडलं नाही. हायस्कूलमध्ये गणित शिकवते, कन्नडमधून. घरी आल्यावर आईशी मराठीत बोलते, आणि ती रागावली की कन्नडमध्ये उत्तर देते. अप्पा गेल्यापासून आमचं दोघींचं असंच चाललंय.

जहाजाचं खूळ मूळ आईच्याच डोक्यातलं. कुणीतरी तिला फोनवर एका जहाजाचा व्हिडिओ पाठवला होता, तो ती येताजाता बघायची. "अगं, वर पोहायचा तलाव आहे म्हणे. एवढा समुद्र असताना वर आणि तलाव कशाला की?" असं म्हणायची आणि परत पहिल्यापासून लावायची. आयुष्यात तिनं समुद्र पाहिला तो एकदाच, गोकर्णाला, अप्पांच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा. तेव्हा कोण समुद्र बघतंय.

म्हणून मी ठरवलं, हिला न्यायचं. संक्रांत झाल्यावर रजा काढली. गोव्याहून निघून दोन-तीन दिवस समुद्रात फिरवून परत तिथंच आणून सोडणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितलं. मला वाटलं होतं, हरखेल. आईनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाळला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? जाणार तू, जाणार मी."

"तरी पण. घरातला पुरुष माणूस तो."

घर रायापूरला आणि पुरुष माणूस सात समुद्रांपलीकडं. मी त्याला मेसेज केला, त्यानं नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. आईला सांगितलं, बाळ हो म्हणाला. मग ती हरखली. लगेच कपाटातून चांगली लुगडी काढून उन्हात टाकली.

खरं सांगायचं तर मला या सफरीतून एकच गोष्ट हवी होती. आईनं कुणापुढं तरी, एकदा, म्हणावं की माझ्या मुलीनं आणलं मला. बस्स. या वयात असली हाव शोभत नाही हे मला कळतं. पण होती.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच आम्ही हुबळीहून गाडीनं गोव्यात उतरलो, म्हणजे थोडं बघणं होईल. दिवसभरासाठी टॅक्सी केली. मागं बसलं की मळमळतं म्हणून आई पुढं बसली, आणि मी मागं, मांडीवर तिचा स्वेटर, पाण्याची बाटली आणि फेड्यांचा, म्हणजे आमच्या धारवाडी पेढ्यांचा, डबा. धारवाडचं माणूस फेडे घेतल्याशिवाय कुठं जात नाही. आईनं ड्रायव्हरला पहिल्याच वळणावर फेडा दिला. तो खूश होऊन म्हणाला, "आजी, जहाजावर चाललात? मजा आहे तुमची."

"माझ्या मुलानं पाठवलंय," आई म्हणाली. "परदेशात असतो तो."

मला वाटलं, सवयीनं तोंडातून निघून गेलं असेल. आमच्यात मुलीचं खात नाहीत. आईची आई लग्न झालेल्या लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही, येताना आपला तांब्या भरून आणायची. पण माझं तर लग्नच झालेलं नाही, मग मी परक्या घरची कधी झाले? दूध, भाजी, गॅस, आईच्या गोळ्या, सगळं माझ्या पगारातून येतं आणि त्याला तिची कधी ना नसते. घरात चालतं. चारचौघांत चालत नाही.

फोंड्याकडच्या एका देवळात गेलो. आईनं ओटीचं सामान घेतलं, खण, नारळ, तांदूळ, सगळं नीट बघून. पुजाऱ्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं सांगू? आईनं बाळचं नाव सांगितलं, सुनेचं सांगितलं, नातवाचं सांगितलं, गोत्र सांगितलं. पुजारी भले माणूस होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि ह्या?"

"ही सोबतीला आली आहे," आई म्हणाली.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. देवीपुढं उभी होते, पण मागायचं सुचलं नाही काही. तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि बाहेर येऊन आईच्या चपला शोधत बसले.

नंतर जुन्या गोव्यातल्या चर्चला गेलो. आईनं तिथंही दारात चपला काढल्या, आणि सगळे परदेशी लोक बूट घालून आत जात असताना ही अनवाणी. आत जाऊन बाकावर बसली, बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाली, "बसायची सोय केलीय, हे बरं. आपल्या देवळातसुद्धा असं पाहिजे की. गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं?" मग बाहेर हिरवळीवर फोटो. आई इथं उभी, आई तिथं उभी, आई खांबाला टेकून. प्रत्येक फोटोनंतर, "बाळला पाठव." एक बाई थांबल्या, म्हणाल्या, द्या इकडं, दोघींचा काढते. आई म्हणाली, "हिचा कशाला? ही घरचीच आहे."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. आमच्या आईच्या काखेत कळसा इतकी वर्षं आहे की तिला तो आता टोचतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावर रांग लावून जहाजात चढलो. आई बसमध्ये चढताना पायरीला हात लावून कपाळाला लावते, तसं तिनं जहाजाच्या दारातही वाकून केलं. गणवेशातल्या मुलीला वाटलं म्हातारी पडतेय, तिनं दंडाला धरलं. तिलाही फेडा मिळाला आणि तिलाही कळलं की मुलानं पाठवलंय. इंग्रजीत. "माय सन सेंड." आईला एवढं इंग्रजी येतं हे मला त्या दिवशी कळलं.

जहाजावर लोक भेटायला वेळ लागत नाही. जेवायच्या हॉलमध्ये आईला एक हुबळीच्या बाई सापडल्या, कापडदुकानवाल्या, मराठी बोलणाऱ्या, मूळच्या कोल्हापूरकडच्या. त्यांच्याबरोबर दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, अख्खं टेबल त्यांचंच. हुबळीवाल्यांना भाव विचारल्याशिवाय घास उतरत नाही असं आम्ही धारवाडवाले म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. बाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "खोली केवढ्याला पडली हो?" आई म्हणाली, "मला काय ठाऊक? मुलानं परस्पर केलं सगळं." आणि मग बाळचं घर, बाळची गाडी, बाळ आठवड्याला फोन करतो, बाळ म्हणाला आई तू आराम कर. मी शेजारी बसून तिच्यासाठी पोळीचे तुकडे करत होते, दाढ दुखते तिची. बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "आणि ह्या नोकरी करतात?" आई म्हणाली, "शाळेत असते," आणि परत बाळ सुरू.

रात्र कशी तरी काढली. सकाळी चहा झाल्यावर खोलीत मी बोलले. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तो चढला. "आई, तिकिटं कुणी काढली?"

"तू."

"मग सगळ्या जहाजाला काय सांगत सुटलीस? ड्रायव्हरला, त्या दारातल्या पोरीला, हुबळीच्या बाईंना. एकदा तरी माझं नाव घेतलं असतंस तर तुझी जीभ झडली असती?"

"सुम्न कूड," आई म्हणाली. गप बस. कन्नड सुरू झालं म्हणजे पारा चढलाय. पण या वेळी ती पुढं मराठीतच बोलली, आणि हळू. "तुझं काय सांगायचं? तू शेजारी बसलीस की. सगळ्यांना दिसतंय. त्याचं मी सांगितलं नाही तर तो कुणाला दिसणार?"

मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "दिवाळीला मी त्याला एवढं मोठं लिहून पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला. लोक विचारतात, मुलगा काय म्हणतो? काय सांगू, अंगठा आला म्हणून?"

तिचा हात धरावा असंही वाटलं आणि दार आपटून जावं असंही. मी दार आपटलं नाही, पण गेले.

वरच्या मजल्यावर कठड्याशी जाऊन उभी राहिले. सगळीकडं पाणीच. आईचा तो पोहायचा तलाव तिथंच होता, पोरं उड्या मारत होती, कुणाच्या तरी हनिमूनचे फोटो चालले होते. मला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणाला ओळख करून घ्यायची गरजही दिसत नव्हती. मला एकाएकी लख्ख कळलं, की आईला निदान खोटं बोलायला एक माणूस आहे. उद्या आई नसेल, तेव्हा मी कुणाबद्दल खोटं सांगेन? कोण माझ्याबद्दल सांगेल? रायापूरच्या घरी संध्याकाळी दिवा लावून मी एकटी बसलेय असं दिसलं, आणि रडू आलं. भरपूर रडले. वारा इतका होता की कुणाच्या लक्षात आलं नसेल.

दुपारच्या चहाला खाली गेले तर आई हुबळीच्या बाईंच्या टेबलावर. मी येऊन बसले. बाईंचा स्वभाव वाईट नव्हता, पण त्यांना शंका आली होती. धंदेवाली बाई, माल हातात घेतल्यावर कळतोच. त्या म्हणाल्या, "एवढं करतो मुलगा तर स्वतः का नाही आला हो? आमचे बघा, दुकान बंद ठेवून आलेत."

आईनं बिस्कीट चहात बुडवलं. "त्याला रजा... त्यांच्याकडं रजेचं असं असतं की..." ते पुढं जाईना. बिस्कीट तुटून कपात पडलं. शेवटचा कधी आला होता तो, असं बाईंनी विचारलं आणि आई माझ्याकडं न बघता कपात चमचा फिरवत राहिली. कपाळावरचा घाम मला दिसत होता.

"येणारच होता," मी म्हटलं. "तिकीटसुद्धा काढलं होतं त्यानं, ऐन वेळी ऑफिसनं अडवलं. फार हळहळला. मला फोनवर म्हणाला, अक्का, आईला खिडकीचीच खोली मिळतेय ना बघ. अप्पांच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये त्या बंद खोलीत महिनाभर राहिली ना ती, तेव्हापासून तिला कोंडल्यासारखं होतं, झोप लागत नाही. खिडकी नसेल तर जाऊच नका म्हणाला."

खिडकीचं ते सगळं खरं होतं. फक्त ते माझ्या मनातलं होतं. खिडकीची खोली मिळेना म्हणून मी एजंटशी भांडले होते, आणि आईला त्यातलं काही बोलले नव्हते.

बाई पाघळल्या. "एवढं लक्षात ठेवतात का हो मुलं? आमच्यांना आमचं औषध कुठलं ते ठाऊक नाही." सुनांकडं बघून त्यांनी ते परत एकदा मोठ्यानं सांगितलं. आई ताठ बसली. दुसरं बिस्कीट घेतलं, चहात न बुडवता खाल्लं, आणि म्हणाली, "तसा पहिल्यापासूनच मायाळू तो."

मग आम्ही खोलीत आलो. मी तिच्या पायांना तेल लावायला बसले, चालून चालून सुजले होते. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी. सकाळचं, किंवा मघाचं. मी वाट बघत होते हे कबूल करते.

"अक्का," आई म्हणाली.

"काय?"

"ते खिडकीचं." ती थांबली. मग लहान मुलीसारखा आवाज करून तिनं विचारलं, "खरंच म्हणाला होता का गं तो तसं?"

मी तिच्या घोट्यावर तेल जिरवत राहिले. तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

"म्हणाला होता," मी म्हटलं.

आईनं पाय सोडवून घेतले आणि ती जाऊन खिडकीजवळ बसली.