अडुसष्ट ते ब्याऐंशी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या मामांनी उभ्या हयातीत एकाही प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात दिलं नाही. निजामाच्या राज्यात ते परभणीच्या एका शाळेत गणित शिकवत, आणि हैदराबादेहून शिकून आणलेल्या एका हिशेबाने त्यांना पार झपाटलं होतं. सगळं तपासायचं नाही. थोडा नमुना घ्यायचा आणि खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असेल तो पट्टा सांगायचा. "शंभरदा असा पट्टा आखला तर पंचाण्णवदा खरं प्रमाण त्यात सापडतं," असं ते दूधवाल्यालाही समजावत. एकदा न्हावी सहज म्हणाला, "मास्तर, केस लय पिकले की!" झालं. मामांनी डोळे मिटून डोक्यावरचे पन्नास केस उपटले आणि पांढरे मोजले. त्यांना टक्कल वयाने पडलं नाही, नमुन्याने पडलं, असं मामी सांगत असे.

आमच्या ताईचं लग्न झरीला होतं. नवरदेव जिंतूरचा. त्याच्या आजोबांनी बजावलं होतं, "येशीवर बार ऐकू आल्याबिगर वरात गावात पाऊल टाकणार न्हाई." वडिलांनी दोनशे फटाके मागवले आणि नेमकी त्यांचीच गाडी ओढ्यात कलंडली. लग्नादिवशी अंगणात पोत्यावर फटाके वाळत पडलेले आणि वडिलांचं तोंड त्या फटाक्यांहून ओलं.

"यातले वाजतील किती, मास्तर?"

"दाजी, आत्ता सांगतो!"

मामांनी फटाक्यांना नंबर दिले, पागोट्यात चिठ्ठ्या टाकल्या, चाळीस उचलल्या आणि तेवढे फटाके पेटवले. तीस वाजले. पाटीवर गुणाकार झाला, भागाकार झाला, वर्गमूळ निघालं.

"शंभरात एकसष्ट ते एकोणनव्वद!"

"लय फरक पडायलाय. नीट सांगा की."

"पट्टा निम्मा करायचा तर नमुना चौपट लागतो. आणखी एकशेवीस."

वडिलांना यातलं काहीच कळलं नव्हतं. "करा काय करायचं ते," म्हणून ते आचाऱ्याकडे गेले. पुढचा तासभर गाव हादरत होतं. ते धावत परतले तेव्हा मामा काळ्याकुट्ट तोंडाने नाचत होते. "दाजी, एकशेसाठात एकशेवीस! अडुसष्ट ते ब्याऐंशी! आता पक्कं!"

"आन् राहिले किती?"

"चाळीस," मी मोजून सांगितलं.

वडील पोत्यावरच बसले.

तेवढ्यात दारात ताशा कडाडला. वरात केव्हाची वेशीवर थांबली होती. एवढे बार ऐकून ती नाचतच गावात शिरली होती. आजोबा छकड्यातून उतरले आणि थेट मामांच्या गळ्यात पडले. "मास्तर, तासभर बार उडायलेत, थांबायचं नाव न्हाई! समदं आमच्या मानपानासाठीच न्हवं?"

मामांनी घसा खाकरला आणि पाटी पुढे धरली. खरं ऐकलं असतं तर आजोबांनी तिथूनच छकडी वळवली असती, आणि मामांना खोटं बोलता येत नव्हतं. आता मामा नाहीत. कुणी मला छातीठोकपणे एकच आकडा सांगितला की उगीच चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण त्या दिवशी, जन्मात पहिल्यांदाच, त्यांनी उत्तर न देता पाटी काखेत मारली, कारण हळदीच्या अंगाने, सासरच्या माणसांदेखत, ताई दारातून ओरडली होती, "मामा, तुमाला माझी आन हाय, पाटी झाका!"