अकरा क्लबांनंतर

आयर्लंडमधल्या मलिंगार गावात आमच्या घरासमोर हिरवळीचा एक तुकडा आहे. २०२०च्या एप्रिलात सगळं बंद होतं, तेव्हा तिथे मी माझ्या दहा वर्षांच्या लेकीला फुटबॉल शिकवत होतो. मी स्वतः शाळेत खेळलो तो गोलकीपर म्हणून, कारण धावावं लागत नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत कुंपणापाशी येऊन उभे राहिले. या भागात सगळे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या आयरिश खेळांचे वेडे, तेव्हा यांना आपला साधा फुटबॉल काय कळणार, असं मी धरून चाललो. स्ट्रायकरने चेंडूकडे न बघता मोकळ्या जागेकडे कसं बघायचं, हे मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. सकाळीच मोबाइलवर पाहिलं होतं, ताजं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "ग्रँड", म्हणजे छान, म्हणाले आणि आत गेले.

दोन दिवसांनी समोरच्या बाईंकडून कळलं की हे गृहस्थ इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षं स्ट्रायकर होते. लेक त्यानंतर आठवडाभर माझ्याबरोबर हिरवळीवर आली नाही.

मी माफी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, तू सांगितलंस ते बरोबर होतं, मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिथून आमची मैत्री जमली, कुंपणाच्या अल्याड-पल्याड, दोन मीटर अंतर राखून. माझी बायको इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या त्या दिवसांतल्या ड्यूट्यांबद्दल न बोललेलंच बरं. मी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून तिच्यामागे आलेला, घर सांभाळणारा. मला वेळच वेळ होता आणि त्यांना ऐकणारा हवा होता.

सोळाव्या वर्षी ते बोटीने इंग्लंडला गेले. एका मोठ्या क्लबाने दोन वर्षं ठेवून घेतलं आणि सोडून दिलं. पुढे अकरा क्लब, सगळे तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधले. कुणाचा स्ट्रायकर जायबंदी झाला की यांना बोलावणं यायचं, तो बरा झाला की यांची गरज संपायची. मधूनमधून एक क्लब त्यांना दुसऱ्याला उसनंही द्यायचा, आपण शेजारी वाटीभर साखर देतो तसं. मोसम संपला की मे महिन्यात मॅनेजर एकेकाला खोलीत बोलवायचा. दार उघडं ठेवलं तर राहायचं. लावून घेतलं तर सामान बांधायचं. हे घरी पोचेपर्यंत बायको कोट घालून तयार असायची. मुकादमासारखी उभी राहून ती ट्रंका गाडीत चढवून घ्यायची. निघण्याआधी जेवायचं नाही, वाटेत काहीतरी खायचं, हा तिचा नियम. शेवटच्या क्लबानंतर एका उन्हाळ्यात कुणाचा फोनच आला नाही. खेळणं संपलं ते असं. खेळणं सोडलं असं सांगायचं कसं आणि कुणाला, असं ते म्हणाले.

ती बायको आता गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये होती. आपल्याकडे त्याचा अर्थ छोटा दवाखाना, इथे म्हाताऱ्या माणसांचं राहण्याचं ठिकाण. तिला अलीकडचं काही आठवत नसे. २०२१च्या फेब्रुवारीत तिथून फोन आला की बाई तीन दिवस जेवलेल्या नाहीत. कोट घालून पलंगावर बसतात, ताट आणलं की म्हणतात, आत्ता नको, वाटेत खाऊ. नवरा सांगेल तर ऐकतील कदाचित. आत कुणाला सोडत नव्हते, खिडकीतून भेटायची मात्र मुभा होती.

त्यांचा गुडघा गाडी चालवण्याजोगा राहिला नव्हता. मी नेलं. चारही काचा खाली, दोघांना मास्क, ते मागच्या सीटवर कोपऱ्यात. भर थंडीत मी टॅक्सीवाल्यासारखा पुढे कुडकुडत होतो.

खिडकीत ती बसली होती, तपकिरी कोट गळ्यापर्यंत बंद. आतल्या नर्सने तिच्या कानाशी फोन धरला. बाहेर यांचा फोन मी धरला, स्पीकरवर. नजर मी दुसरीकडे वळवली. कान वळवता येत नाहीत.

तिने विचारलं, "या वेळी कुठे?"

"कुठेच नाही. नवा करार झालाय. दोन वर्षांचा."

"मागच्या गावीही हेच म्हणाला होतास."

ते खरंच तसं म्हणाले असणार. काचेपलीकडे नर्सने ताट थोडं पुढे सरकवलं. तिने ते शांतपणे मागे सारलं. मला वाटलं आता फोन ठेवतील. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात काचेवर ठेवले.

"ऐक. मी खेळणं सोडलं."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गुडघा?"

"गुडघा. आणि वय झालं. आता कोणी मागत नाही मला."

"त्यांना कळत नाही," ती म्हणाली. थोडा विचार केला. "मग इथेच राहायचं?"

"इथेच."

"नक्की?"

"नक्की. सगळं संपलं. आता कुठेच जायचं नाही."

तिने खोलीभर नजर फिरवली, जणू पहिल्यांदाच बघत होती. "मग हे पडदे बदलायला हवेत," म्हणाली आणि कोटाचं वरचं बटण काढायला लागली. ते निघेना, तेव्हा नर्सने मदत केली. यांनी काठी घेतली, माझ्याकडे न बघता म्हणाले, चल, तिला आता नीट जेवू दे. परतताना ते पडद्यांच्या रंगाबद्दलच बोलत होते. मास्क होता म्हणून बरं, माझं नाक वाहत होतं, आणि ते सगळं थंडीमुळे नव्हतं.

घरी आलो तर बायको ड्यूटीवरून येऊन चहा घेत होती. मी तिला सगळं सांगितलं, थोडी भर घालून. दरवाजे, ट्रंका, काच, बटण. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग ती जेवली का?"

ते विचारायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने कप ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पायात चपला सरकवून कुंपणापाशी गेली. त्यांना तोवर नर्सिंग होममधून फोन येऊन गेला होता. दोन मिनिटांत परत आली.

"सूप, अर्धा बटाटा, आणि जेली दोनदा मागून घेतली," ती म्हणाली. "बातमी म्हणजे ही. तू अर्धा तास बोललास, त्यात एवढीच नव्हती."