न पुरलेली जार

हे मी कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सासूबाईंजवळ तर नाहीच नाही, आणि बहिणीजवळ — जिच्यापाशी माझ्या पोटात काहीच राहत नाही — तिच्याजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या रस्त्यानं जात-येत नाही. उद्या सकाळी मला तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

पण आधी माझा राग ऐका. तो खोटा नाही.

शहराच्या टोकाला, बेसाच्या पुढे, जिथं लेआउट संपतात आणि शेतं सुरू होतात, तिथं आमचं शेत आणि शेताला लागून बकऱ्यांचा कोठा. आम्ही आधीपासून तिथंच. घरं नंतर आली आणि घरांच्या मागोमाग कुत्री आली. काही पाळलेली, काही नुसतीच बिस्किटं टाकून पोसलेली. सकाळी गेट उघडून कुत्रं मोकळं सोडायचं, त्यानं आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन आपलं काम उरकायचं, आणि मालकानं बाल्कनीत चहा प्यायचा! तक्रार करायला गेलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य — "काही करत नाही जी तो." काही करत नाही? बकरीला विचारलंत कधी? कुत्रं नुसतं मागं धावलं तरी गाभण बकरी भीतीनं गाभ टाकते, हे त्या बाल्कनीवाल्यांना कोण सांगणार? ग्रामपंचायतीत गेलं तर म्हणत, कुत्री शहरवाल्यांची. शहरात गेलं तर म्हणत, शेत गावातलं. आम्ही आपले बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालत राहिलो. ते दर पावसाळ्यात सडायचं आणि आम्ही पुन्हा घालायचो.

सगळ्यात जवळचं घर देशकर काकांचं. बायको वारल्यावर मुलानं त्यांना सोबतीला म्हणून एक पिल्लू आणून दिलं आणि स्वतः पुण्याला निघून गेला. ब्रूनो त्याचं नाव. अर्धा लॅब्रेडोर, अर्धा कोण जाणे काय. काका त्याला सकाळी सोडत आणि तो दोन मोकाट कुत्र्यांसोबत हुंदडत आमच्याकडे येई. मी काकांना किती वेळा म्हटलं असेल! ते हसत — "लेकरू आहे ते, वहिनी. खेळते." असा संताप यायचा की काय सांगू. आजही सांगताना येतो आहे.

आता तुम्ही माझ्या बाजूचे झालात ना? सगळेच होतात. मी आजवर इथवरच सांगत आले.

पुढचं सांगते.

बकरी व्याली की पिल्लामागून जार, म्हणजे वार, पडते. ती लांब नेऊन खोल पुरायची, हा आमच्या घरचा नियम. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच वेताला बजावलं होतं — "जार पुरून ये वं. कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नको. एकदा का त्याले चव लागली, मंग ते वाट पाहत बसते." मी पुरत होते. खरंच पुरत होते, कित्येक वर्षं.

मग तो उन्हाळा आला. तुम्ही चैत-वैशाखातली आमची काळी जमीन पाहिली आहे? हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेगांच्या मधली माती दगड होते. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारली की हाताला झिणझिण्या येतात. त्यात त्या वेळी बकऱ्या एकीमागून एक व्यायला लागलेल्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा बाजारात, सगळं माझ्या अंगावर. एका दुपारी मी जार टोपल्यात घेऊन धुऱ्यावर गेले, सब्बल उचलली — आणि समोर ब्रूनो बसलेला. शेपटी हलवत. मागं ती दोन मोकाट कुत्री.

मी टोपलं कुंपणापलीकडे उपडं केलं. क्षणात सगळं साफ.

किती सोपं होतं! दुसऱ्या वेळी तर मी सब्बल नेलीच नाही. तिसऱ्या वेळी नुसतं "ये रे" म्हटलं. हो — ज्या कुत्र्याच्या नावानं मी सगळ्या लेआउटला शिव्या घालत होते, त्याला मी हाक मारून बोलवत होते. तो माझ्या पायाशी बसून टोपल्याकडे बघायचा. मला त्याचं बरंही वाटायचं, हे कशाला लपवू? घरात कोणी विचारलं तर सांगायचं, पुरून आले. सगळा उन्हाळा हेच चाललं. मग वेतं आटोपली, आणि मी विसरून गेले.

कुत्री विसरली नाहीत.

दिवाळीनंतरची गोष्ट. चांदणी नावाची आमची बकरी — कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं गरीब — सकाळी कोठ्यात व्यायला लागली. मी पाणी तापवायला घरात गेले. तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. बकरीचं तसं ओरडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, पुढं ऐकायला नको. धावत गेले तर कुत्री काटे मोडून आत शिरलेली. पिल्लू पुरतं बाहेरही आलं नव्हतं. त्यांनी ते ओढलं होतं आणि चांदणीचं पोटही फाडलं होतं. बाकीच्या बकऱ्या भिंतीला चिकटून उभ्या, एकीलाही ओरखडा नाही.

मी बोंब ठोकली. शेजारच्या शेतातली माणसं काठ्या घेऊन धावली, नवरा धावला. मोकाट कुत्री माणसं पाहताच पळाली. ब्रूनो पळाला नाही. तो माणसांच्या हातचं खाऊन वाढलेला, काठी कशासाठी असते ते त्याला काय ठाऊक? तो सरळ माझ्याकडे आला. तोंड लाल. शेपटी हलवत. आणि उन्हाळ्यात बसायचा तसा माझ्या पायाशी येऊन बसला, माझ्या हाताकडे बघत.

मला तेव्हाच समजलं. हे यांना कोणी शिकवलं, ते त्या क्षणी मला लख्ख समजलं.

पहिली काठी पडली तसा तो केकाटून माझ्या मागं शिरला. माझ्या लुगड्याला अंग घासत होता. त्याला सोडा, चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. मी काय केलं?

मी बाजूला झाले.

एवढंच नाही. मी ओरडत होते — "मारा त्याले! किती वेळा सांगतलं याच्या मालकाले!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्याच. मी थांबले तोवर ब्रूनो हलत नव्हता.

मग बायाबापड्या जमल्या. जी ती तेच विचारत होती, "एवढ्या बकऱ्या सोडून हिलेच काहून धरलं असंन?" सासूबाई भिंतीला धरून धरून आल्या, चांदणीकडे बघत राहिल्या, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "जार पुरत होती ना वं तू?"

"हो," मी म्हटलं. सगळ्यांसमोर.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दुपारी चांदणीला आणि पिल्लाला पुरायला मीच खड्डा खणला, कोणाला हात लावू दिला नाही. लोकांना वाटलं, बाईची किती माया होती बकरीवर. छातीइतका खोल खड्डा. पाऊस होऊन गेलेला असला तरी खाली माती कडकच होती. पण खणली गेली. उन्हाळ्यातही खणली गेली असती.

लोकांची कुत्री मोकाट सोडणं वाईट, असं मी अजूनही म्हणते. तोंडावर म्हणते, भांडते. देशकर काकांनी ब्रूनोला बांधायलाच हवं होतं, यात मला आजही शंका नाही. पण मोकळं कुत्रं वाट चुकून येतं आणि हुसकलं की जातं. त्याला वेणा देणाऱ्या बकरीच्या वासावर धावत यायला शिकवलं ते मी.

त्याच दिवशी संध्याकाळी काका आमच्या फाटकाशी आले होते. ब्रूनोला चादरीत गुंडाळून घरी नेऊन, बहुतेक पुरूनच आले असावेत, कारण हाताला माती होती. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही त्यांनी. बाहेरूनच, माझ्यापेक्षा वयानं एवढा मोठा माणूस, हात जोडून म्हणाला, "चुकलं माझं, वहिनी. तुम्ही सांगत होत्या, मीच ऐकलं नाही. माफ करा."

ते माझ्या उत्तराची वाट पाहत उभे होते. आसपास कोणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं.

"पुढं तरी ध्यान ठेवा जी," मी म्हणाले, आणि फाटक लावून घेतलं.