मी सवयीने नको म्हटलं

मंडळी, आज माझ्या हातून चूक झालीय.

आमच्या नेमबाजी क्लबात घरी शिशाच्या गोळ्या ओतणारे एक डच आजोबा आहेत. गोळी मापात आणून तिला मेण लावायचं त्यांचं जुनं यंत्र मी विकत घेतलं. आणायला मी राहतो त्या डीमन गावाहून निघालो, वाटेत बाजारात चीज चाखत रमलो आणि तासभर उशिरा पोचलो.

आजोबा दारातच म्हणाले, "आलास! कॉफी घेणार? मग चार गोळ्या काढून दाखवतो."

मी सवयीने म्हटलं, "नको नको, तुम्हाला कशाला त्रास!"

आपल्याकडे यावर "गप बस रे" म्हणून बसवतात. इथे डच लोकांत नको म्हणजे नको. ते "बरं" म्हणाले आणि यंत्र खोक्यात भरून दिलं.

उचलताना ते गरम लागलं. आजी दाराशी हळूच म्हणाल्या, "सकाळपासून मेण तापवून बसले होते. हात थरथरतात म्हणून विकलं. शेवटचं एकदा कुणाला तरी चालवून दाखवायचं होतं."

तरी मी मागे फिरलो नाही. ट्राम दिसली आणि पळालो.

आता खोकं उघडवत नाहीये. उद्या ते घेऊन परत जाऊ आणि "शिकवा" म्हणू? पण ते "नको" म्हणाले, तर पुन्हा विचारायचं की निघून यायचं?