वरच्या खोलीचं तापमान

आमच्या बाबांना कामावरचे लोक लिफ्टवाले म्हणत. निवृत्त झाले तरी ते नाव काही सुटलं नाही. उभी हयात बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात गेल्यामुळे त्यांचे दोन नियम पक्के झालेत: मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि वायर उघडी ठेवायची नाही. आमच्या घरी दारावरच्या बेलची वायरसुद्धा पेटीतून जाते. माणसाच्या हातावरच्या शिरा दिसतात, याचाही त्यांना मनातून त्रास होत असणार.

आई पडदे शिवते. तिचं मशीन वरच्या खोलीत, थेट गच्चीच्या स्लॅबखाली. दुपारी तिथे तव्यावर बसल्यासारखं वाटतं. खालची खोली थंड, पण ती बाबांच्या कामाच्या टेबलाने अडवलेली. त्यावर पकडी, स्क्रू आणि कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं, कधीच उपयोगी न पडलेलं सामान. मशीन खाली आणा, असं आई दर उन्हाळ्यात सांगते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "वर उजेड चांगला आहे. आणि गरम काय, सगळीकडेच होतंय." सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा आईला मशीनवरच भोवळ आली आणि सुई बोटात घुसली. डॉक्टरीणबाईंनी बोट बांधलं आणि बजावलं, "पुन्हा त्या उकाड्यात बसलात, तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही." मी रजा टाकून आले ती मशीन खाली आणायलाच. तर बाबा म्हणाले, "आधी मोजू या. वर खालच्यापेक्षा चार अंश जास्त निघालं, तर त्याच दिवशी माझं टेबल वर नेतो."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आई म्हणाली. पण बाबांनी तोवर सामान मागवलंसुद्धा होतं. हौशी लोक ज्यांच्याशी खेळत बसतात ते मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे इवल्याशा संगणकाचे, दोन चिमुकले बोर्ड, आणि हवेचं तापमान मोजायला दोन सेन्सर.

पहिल्या दिवशी यंत्राने वरच्या खोलीचं तापमान दाखवलं उणे एकशे सत्तावीस.

"बरं झालं सांगितलंत," आई म्हणाली, "आता पडदे बाजूला ठेवते आणि लोकरीचं काहीतरी विणायला घेते."

वायर सैल होती. ती घट्ट केली, तर आकडा पंच्याऐंशीवर जाऊन बसला आणि हलेचना. बाबा चष्मा कपाळावर चढवून बोर्डाशी बोलत होते. इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि वर पट्टी बांधलेल्या बोटाने, मानेवर ओलं फडकं टाकून, आई शिवत होती, कारण दुकानदाराला पडदे वेळेवर हवे होते. मशीनचा आवाज थांबला की मी धावत वर जायचे, तर ती दोरा ओवत असायची. मी म्हटलं, आपण दोघी मिळून मशीन उचलू. ती म्हणाली, "नको. जबरदस्तीने खाली आले तर जन्मभर ऐकावं लागेल."

अखेर दोन्ही यंत्रं चालली. बाबांनी दोन्हींना झाकणाच्या घट्ट डब्या केल्या, आत बोर्ड, आत सेन्सर, चारही कोपऱ्यांना स्क्रू. वरच्या खोलीत प्लग एकच, तो मशीनला लागतो. म्हणून वरचं यंत्र बॅटरीवर ठेवलं. बॅटरी पुरावी म्हणून ते झोपून राहायचं आणि तासाला एकदा जागं होऊन आकडा खालच्या यंत्राला पाठवायचं. खालचं मात्र प्लगवर, दिवसभर जागं, छोट्याशा पडद्यावर आकडे झळकवत टेबलावर विराजमान.

भर दुपारी बाबांनी निकाल जाहीर केला. फरक दीड अंश.

"बघ," ते आईला म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण शंकाही नव्हती. "मी म्हणत होतो ना, सगळीकडेच होतंय."

आईने फडकं पुन्हा भिजवलं आणि ती जिना चढायला लागली. मला इतका संताप आला की टेबलावरची ती डबी उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं. उचललीही. आणि हाताला चटका नव्हे, पण चांगलीच ऊब लागली.

"बाबा, ही डबीच गरम आहे."

"बोर्ड चालू असला की थोडा तापतोच."

"आणि सेन्सर कुठे आहे?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि डबीकडे पाहिलं. घोडं कुठे पेंड खात होतं ते त्यांनाही कळलं होतं. वरचं यंत्र झोपून थंड राहत होतं, आणि खालचं स्वतःचाच ताप मोजत बसलं होतं.

"सेन्सर बाहेर काढा."

"उघड्या वायरीवर? या घरात?"

मी स्क्रू काढले आणि सेन्सर लांब वायरीवर हवेत लोंबता सोडला. आकडा उतरायला लागला. बाबा खुर्ची ओढून समोर बसले आणि उतरताना बघत राहिले. फरक सहा अंशांवर गेला. ते उठले आणि टेबल रिकामं करायला लागले.

मशीन खाली उतरवताना आई म्हणाली, "इतकी वर्षं मी तोंडाने सांगत होते. माझी काय बॅटरी उतरली होती?"

"मोजलेलं नव्हतं," बाबा म्हणाले. खरंच तेवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा हट्टाने वर जाऊन आपल्या टेबलाशी बसले. जेवणानंतर थोड्याच वेळात जिन्यात पावलं वाजली. दारात आले तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला होता.

"वर फार गरम होतंय गं," ते म्हणाले.

आईने मशीन थांबवलं. पडद्याचं कापड मांडीवर ओढून घेतलं, बाजूची खुर्ची मोकळी केली आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. "बसा इथे," ती म्हणाली. किती अंश झालंय, हे तिने विचारलंसुद्धा नाही. तिला इतकी वर्षं सांगून जे मिळालं नाही, ते त्यांना एका वाक्यात मिळालं. मला दोघांचाही राग आला आणि मी पाणी आणायला आत गेले.